कमलाबाईच्या नावाचा कॅन

उपकेंद्र, ता. एटापल्ली
दि. ९ जुलै २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम वि. वि.

पत्र हातात पडल्यावर तुम्ही आधी चष्मा शोधाल आणि मग सरितामामीला विचाराल की नंदिनीच्या फोनला काय झालं. फोन ठणठणीत आहे. पण दाव्याबद्दल आता फोनवर एक अक्षर बोलायचं नाही असं मी ठरवलं आहे. मे महिन्यात आईच्या विहिरीचं पाणी तपासायला न्यायचा दिवस मी फोनवर फक्त तुम्हाला सांगितला होता. आपल्या वकील नीलिमा रामटेके मॅडम प्रयोगशाळेचा माणूस घेऊन कोसमझरीला पोचल्या, तर कंपनीची दोन माणसं कॅमेरा घेऊन आधीच विहिरीच्या काठावर बसलेली! तारीख तिघांनाच ठाऊक होती. मग ती फुटली कुठून? तेव्हापासून मला माझ्या सावलीचाही भरवसा वाटत नाही.

मॅडमनी तुम्हाला सगळं सोपं करून लिहायला सांगितलं आहे, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते. आई लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरनं गेली. तो तिच्या विहिरीच्या पाण्यातल्या आर्सेनिकमुळे झाला आणि ते आर्सेनिक कंपनीच्या वीजकेंद्राच्या राखेच्या तलावातून झिरपून आलं, असं आपलं म्हणणं. कोर्ट म्हणतं, एकेक सांधा जोडून दाखवा. तलावापासून विहिरीपर्यंतचे कागद आहेत. २००३ सालच्या सरकारी तपासणीत पाणी चांगलं होतं, पुढच्या वर्षी तलावाचा बांध पाझरू लागला आणि २०१२ च्या तपासणीत पाणी पिण्यालायक राहिलं नव्हतं. आर्सेनिकनं हा कॅन्सर होतो हे सांगायला नागपूरचे डॉक्टर येणार आहेत. उरला मधला सांधा. आई तेच पाणी पीत होती हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस हवं. बाबा कधीच गेले, मी २००८ पासून इकडे नर्सच्या नोकरीला. नाल्यापलीकडून रोज तिच्या ओसरीवर येऊन बसणारे तुम्हीच.

तेव्हा एक शपथपत्र लिहून द्या. गावभराचे अर्ज तुमच्या हातचे, गेल्या वर्षी तर कोणाच्या हरवलेल्या बकरीचाही अर्ज लिहिलात म्हणे. बहिणीसाठी दोन पानं जड जाऊ नयेत. दिव्यानीचा बारावीचा अभ्यास कसा चालला आहे? मामीला जयभीम.

कळावे, माया आहे तशीच राहू द्या.
तुमची भाची,
नंदिनी

---

कोसमझरी
दि. २१ जुलै २०२४

चि. नंदिनी हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

तुझे पत्र पोचले. चष्मा तुझ्या मामीच्या उशाखाली सापडला, म्हणजे चोर घरातलाच निघाला. बकरीच्या अर्जाची गोष्ट खरी आहे, पण बकरी मिळाली हे तुला कोणी सांगितले नसेल.

इकडे धानाचा रोवणा सुरू आहे. बाया मिळत नाहीत. पलीकडच्या गावाने दर वाढवला की आपल्या बाया तिकडे जातात. खालच्या बांधीत पाणी जास्त झाले, वरच्या बांधीत कमी. माझा गुडघा चिखलात उतरू देत नाही, म्हणून बांधावर बसून नुसते ओरडतो. तुझी मामी म्हणते, यापेक्षा बुजगावणे बरे, त्याले चहा तर लागत नाही. दिव्यानी चंद्रपूरला शिकवणीला जाते आणि तुझ्यासारखी नर्स होईन म्हणते. नंदिनीसारखी हो, हे तुझ्या आईचे बोलणे तिच्या डोक्यात पक्के बसले आहे.

कंपनीचा एक साहेब मागच्या आठवड्यात घरी येऊन गेला. चांगला बोलला. मी चहा पाजला. तुझ्या कानावर दुसरीकडून येण्याआधी सांगून ठेवतो.

बाई, एक विचारू का? मेलेल्या माणसाचे नाव कोर्टात किती वेळा पुकारून घ्यायचे? तुझी आई कमलाबाई आयुष्यभर कोणाच्या दारात उभी राहिली नाही. तुझा संसार आहे, नोकरी आहे. शांत डोक्याने विचार कर. मी तुला अडवत नाही. तब्येतीमुळे मला चंद्रपूरच्या चकरा जमतील असे वाटत नाही.

पोराबाळांना पापा. मामाला विसरू नको, इतकेच मागणे.
तुझा,
खुशालमामा

---

उपकेंद्र, ता. एटापल्ली
दि. ११ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
स. जयभीम वि. वि.

रोवण्यावर तुम्ही अख्खं पान लिहिलंत आणि शपथपत्रावर गुडघ्याआड लपून एक ओळ. साहेबाला चहा पाजलात हे लिहिलंत, तो काय मागायला आला होता हे लिहिलं नाहीत. मी नर्स आहे मामा. दुखतं कुठे असं विचारल्यावर माणूस भलतीकडेच बोट दाखवू लागला की मला कळतं.

ते असो. मोठी बातमी आहे. कंपनीनं कोर्टात एक रजिस्टर दिलं आहे. २००६ च्या आंदोलनानंतर नाल्याच्या अलीकडच्या चाळीस घरांना ती रोज वीस लिटरचा शुद्ध पाण्याचा कॅन देऊ लागली, आठवतं ना? घरटी एक कार्ड, कॅन वाटायला गाडीवर लटारू आणि कॅन घेतला की सही. त्यांचं म्हणणं असं की कमलाबाई तेरा वर्षं रोज आमचं शुद्ध पाणी घेत होत्या, ही घ्या सही, मग विहिरीचा संबंध येतो कुठे? सुट्टीत आले की मीही आईच्या माठातलं पाणी प्यायले आहे. ते कुठलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पण दोन रात्री पानं चाळली तेव्हा चोरी सापडली. २०१९ च्या ३ ऑगस्टपासून २६ सप्टेंबरपर्यंत आई माझ्याबरोबर नागपूरला दवाखान्यात होती. पंचावन्न दिवस. आणि त्या पंचावन्नही दिवशी रजिस्टरमध्ये कमलाबाईची सही आहे! म्हणजे कंपनीनं खोट्या सह्या ठोकल्या. मॅडम जाम खूश आहेत. पंचावन्न सह्या खोट्या ठरल्या तर उरलेल्या रजिस्टरवर कोण विश्वास ठेवील? त्या आता हस्ताक्षर-तज्ज्ञ बोलावणार आहेत.

माझा संशय लटारूवर आहे. मागच्या वर्षी त्याच्या घरावर स्लॅब चढला. पाण्याच्या गाडीवरच्या माणसाला स्लॅब झेपतो का? तुम्ही त्याच्याशी नेहमीसारखंच बोला, पण जरा कानोसा घ्या. हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत टाका.

कळावे, जीव लावता तसाच लावत राहा.
नंदिनी

---

कोसमझरी
दि. २० ऑगस्ट २०२४

चि. नंदिनी हिस,
अ. आ.

घाईत लिहितो आहे. लटारूवर आळ घेऊ नको. त्याच्या पोराने हैदराबादेत मिस्त्रीकाम करून तो स्लॅब टाकला. लटारू अजून त्याच गाडीवर आहे. तुझ्या एका संशयाने त्याची भाकर जाईल. तो आपल्या समाजाचा नाही, पण तुझ्या आईच्या मयतीत सगळ्यांत आधी खांदा द्यायला आला तो तोच.

त्या तज्ज्ञाच्या भानगडीत पडू नको. त्यातून काही निघणार नाही आणि निघाले तर तुलाच त्रास होईल. बाकीचे भेटीत बोलू. दिवाळीच्या सुट्टीत ये.

तुझे भले व्हावे.
खुशालमामा

---

उपकेंद्र, ता. एटापल्ली
दि. २ सप्टेंबर २०२४

श्री. खुशाल देवगडे यांस,
जयभीम.

तुमचं २० तारखेचं पत्र दोन कारणांनी चुलीत टाकलं नाही. एक म्हणजे इथे गॅस आहे. दुसरं असं की ते मी रजिस्टरच्या झेरॉक्सशेजारी ठेवून पाहिलं.

आईला सही करायला तुम्हीच शिकवलं होतं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात तुम्ही कंदील धरून बसायचात, हे तिनं मला शंभरदा सांगितलं. पण तिचा हात शेवटपर्यंत कापरा राहिला. तिची अक्षरं एकेकटी उभी असत, वरच्या रेघेला चिकटत नसत. तुम्ही आधी लांब रेघ ओढता आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगता. रेघ शब्दापुढे बोटभर जाते. तुमच्या पत्रात जाते, गावातल्या प्रत्येक अर्जात जाते. त्या पंचावन्न सह्यांतही जाते. यासाठी तज्ज्ञ कशाला हवा?

आता सगळं जुळतं. पाणी तपासायची तारीख कंपनीला कोणी सांगितली ते कळलं. साहेब घरी का आला तेही कळलं. विचारायचं एवढंच उरलं की त्यांनी काय दिलं तुम्हाला? दिव्यानीची नर्सिंगची ॲडमिशन? कंपनीच्या शाळेत नोकरी?

अकरा वर्षं मी आईला म्हणत होते, क्वार्टरमध्ये दोन खोल्या आहेत, बोअरचं चांगलं पाणी आहे, माझ्याकडे ये. दरवेळी तिचं एकच उत्तर. खुशालले सोडून मी कुठी येऊ? मला राग यायचा. मी रुसून दोन-दोन महिने फोन करत नसे. पोटच्या पोरीपेक्षा तिला भाऊ जास्त होता. त्या भावानं ती दवाखान्यात पडलेली असताना तिच्या नावानं कंपनीसाठी खोट्या सह्या केल्या.

मॅडमना मी अजून काही सांगितलेलं नाही. पंधरा दिवस वाट पाहीन.

नंदिनी

---

कोसमझरी
दि. १५ सप्टेंबर २०२४

चि. नंदिनी हिस,
आशीर्वाद घेशील की नाही माहीत नाही, तरी अ. उ. आ.

सह्या माझ्या आहेत. पण त्या कंपनीसाठी केल्या नाहीत. मी कॅनसाठी केल्या.

नाल्याच्या अलीकडे तुझ्या आईला कार्ड मिळाले, पलीकडे आम्हाला नाही. कंपनीच्या नकाशात खराबी नाल्याशी थांबत होती. आमच्या हातपंपाचे पाणीही पिवळे येत होते, पण नकाशासमोर कोण बोलणार? तुझ्या मामीची दोन बाळंतपणे वाया गेली होती. २००७ साली ती पुन्हा पोटुशी राहिली तेव्हा तुझ्या आईने तिच्या वाट्याचा कॅन माझ्या सायकलच्या कॅरियरला बांधून दिला. सुरुवातीला ती अर्धा ठेवून घ्यायची. दिव्यानी झाल्यावर पुरेना, मग अख्खा देऊ लागली. सही ती करायची, कॅन मी न्यायचो. लटारू पाहायचा आणि पाहिले नाही असे करायचा. ती स्वतः विहिरीचे प्यायची. म्हणायची, मले ते कंपनीचं पाणी फिकं लागते, घशाखाली उतरत नाई.

इथपर्यंतचे मी कोणालाही सांगू शकलो असतो. पुढचे सांगता येत नव्हते म्हणून गुडघा पुढे केला. २०१२ मध्ये तपासणीवाले आले आणि तिच्या विहिरीवर लाल फुली मारून गेले. मी ती फुली मारताना पाहिली. त्या दिवशी मी कॅन परत न्यायला पाहिजे होता. संध्याकाळी तिच्याकडे गेलो तर कॅन कॅरियरला बांधून तयार होता. ती पुन्हा तेच म्हणाली, मले फिकं लागते. मी खरे मानले. मानणे सोयीचे होते, नंदिनी. त्यानंतर सात वर्षे मी रोज तो कॅन नेला. पुढे विकतचे कॅन गावात येऊ लागले, तेही मी घेतले नाहीत. सवय लागली होती. ती नागपूरला असताना घर बंद होते, तरी मी तिच्या नावाने सही करून कॅन घेत राहिलो. तिला रक्त चढवत होते आणि मी पाणी भरत होतो.

मे महिन्यातली तारीख मी लटारूला सांगितली. रजिस्टर बाहेर येईल, सांभाळून राहा, इतकेच सांगायचे होते. तो घाबरून त्याच्या मुकादमाकडे गेला आणि तिथून ती फुटली. साहेब मला साक्षीदार व्हायला सांगायला आला होता. म्हणाला, खोटे काहीच बोलू नका, कमलाबाईच्या दारात रोज कॅन यायचा एवढेच सांगा. खरे होते, म्हणून मला नाही म्हणता आले नाही. होही म्हटले नाही.

तुझ्या मामीला सगळे माहीत आहे. दिव्यानीला काहीच नाही. ती सतरा वर्षांची आहे, दात पांढरेशुभ्र आहेत, कधी आजारी पडली नाही. तिच्याकडे पाहिले की मला तुझी आई दिसते आणि मी मान फिरवतो.

हे पत्र मॅडमना दे. अक्षर ओळखीचे आहेच.

खुशाल

---

उपकेंद्र, ता. एटापल्ली
दि. ६ ऑक्टोबर २०२४

ती. मामांस,
जयभीम.

तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही. सूरजागडच्या लोहखाणीच्या ट्रकांच्या रांगेत आमची बस अडकली की मी ते पत्र काढते आणि घडी करून परत ठेवते. तुम्ही विकले गेला नाहीत हे वाचून हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं, विकले गेला असतात तर बरं झालं असतं. मग नुसता राग धरता आला असता.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तसं लिहिलं तर खोटं होईल. लाल फुलीनंतरची सात वर्षं माझ्या गळ्याखाली उतरत नाहीत. मीही सुट्टीत यायचे, ती फुली पाहायचे आणि आईनं कार्ड दाखवलं की निश्चिंत व्हायचे. दुसऱ्याच्या घरी जाऊन पाणी उकळून प्या सांगणारी मी. हेही लिहून ठेवते.

मॅडमनी पत्र वाचलं. त्या म्हणाल्या, तुम्ही साक्ष दिलीत तर रजिस्टर कंपनीच्याच अंगावर उलटेल आणि तो मधला सांधा जुळेल. पण त्यांचा वकील तुम्हाला सोलून काढेल. खोट्या सहीचं प्रकरण तुमच्यावर होऊ शकतं. लटारूचं काम जाऊ शकतं. आणि साक्ष उघड्या कोर्टात होते, ती दिव्यानीच्या कानावर जाईलच.

मी तुम्हाला या म्हणणार नाही. नका येऊ असंही म्हणणार नाही. तारीख ९ डिसेंबर, जिल्हा न्यायालय, चंद्रपूर. मी येईन.

लोभाचं काय ते त्यानंतर पाहू.
नंदिनी

---

कोसमझरी
दि. १० डिसेंबर २०२४

चि. नंदिनी हिस,
अ. उ. आ. व जयभीम.

काल तू आली नाहीस. मला वाटले, तोंड पाहायचे नसेल. मग मॅडमनी सांगितले की मंगली नावाच्या बाईचे अडलेले बाळंतपण सोडून तुला निघता आले नाही. बाई आणि लेकरू सुखरूप असोत. तू नव्हतीस ते एका परीने बरे झाले, म्हणूनच हे पत्र लगेच लिहितो. साक्षीची नक्कल तुझ्या हातात येण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावे.

दिव्यानीला मी आदल्या दिवशी सगळे सांगितले. सकाळी ती माझ्याआधी तयार होऊन बस-स्टॉपवर उभी होती. लटारूही आला होता. मॅडमच्या विचारण्यावर त्यानेही सांगितले की कॅन नाल्यापलीकडे जात होता. गाडीवरून मले काढून टाका, पण हे खरं आहे, असे तो साहेबाच्या तोंडाकडे पाहत बोलला.

कंपनीच्या वकिलाने मला दीड तास उभे ठेवले. सह्यांवरून मला लबाड म्हटले, मी हो म्हटले. फुली पाहिली होती का विचारले, पाहिली होती म्हटले. तरी बहिणीला ते पाणी पिऊ दिले? दिले म्हटले. मागे कोणीतरी हसले. मला त्याचे काही वाटले नाही.

मग त्याने शेवटचा डाव टाकला. म्हणाला, पाणी विषारी आहे हे तिला माहीत होते, मुलगी सरकारी नर्स, क्वार्टर, चांगली बोअर, अकरा वर्षे बोलावते आहे. पाणी खरेच एवढे वाईट असते तर ती बाई मुलीकडे गेली नसती का? ती गेली नाही याचा अर्थ तिलाही ते पाणी वाईट वाटत नव्हते, की तुम्ही आज रचून सांगता?

नंदिनी, हे मी तुझ्यापासून सप्टेंबरातही लपवले. तिने मला शपथ घातली होती. नागपूरहून परत आल्यावर, खाटेवर पडल्या पडल्या. म्हणाली, पोरीले हे सांगू नको, ते जन्मभर सोताले खात राहील. पण काल त्या प्रश्नाला दुसरे उत्तर नव्हते आणि खोटे बोलून बोलून मी थकलो होतो.

मी सांगितले, कार्ड घरात राहणाऱ्याचे होते. दर महिन्याला लटारूबरोबर त्याचा मुकादम घर पाहून जायचा. कुलूप दोन महिन्यांवर गेले की कार्ड रद्द. ती पोरीकडे गेली असती तर तिसऱ्या महिन्यापासून माझ्या लेकीचे पाणी बंद झाले असते. तिला तुझ्याकडे यायचे होते. दर दिवाळीला तू गेल्यावर ती पिशवी भरायची आणि पुन्हा रिकामी करायची. ती माझ्यासाठी थांबली नव्हती. ती कॅनसाठी थांबली होती.

वकील खाली बसला. मॅडम नंतर म्हणाल्या, हा प्रश्न त्याने विचारायलाच नको होता. पुढची तारीख फेब्रुवारीची आहे, निकाल लागेल तेव्हा लागेल.

बाहेर आल्यावर दिव्यानी माझ्यापुढे स्टँडकडे चालू लागली. बस सुटेपर्यंत ती स्टँडवर तुझा नंबर लावत होती आणि तुझ्याकडे रेंज नव्हती. तिला तुझ्याकडे यायचे आहे. परीक्षा झाली की पाठवू का ते कळव. माझ्याबद्दल काही कळवू नकोस, तिच्याबद्दल कळव.

तू आईवर रुसून महिने महिने बोलली नाहीस, तो रुसवा तिच्यावरून उतरव. जो काही राग असेल तो माझ्यावर ठेव, मी तो घेईन. फक्त तिच्यावर ठेवू नको.

खुशालमामा